सावलीतली कॉफी आणि उन्हातली माणसे

पुण्या-मुंबईच्या कॅफेमध्ये हल्ली कॉफीची जी महागडी पाकिटे मिळतात, त्यांवर 'शेड-ग्रोन' असे अभिमानाने छापलेले असते. म्हणजे सावलीत वाढवलेली कॉफी. पाकिटावर एखाद्या पक्ष्याचे चित्र असते, मागे उंच झाडे असतात, धुके असते. ही कॉफी घेतली की पश्चिम घाटातले जंगल वाचते, असे आपल्याला सांगितले जाते. अशी तीन-चार पाकिटे मी उलटून पाहिली. पक्षी होता, झाड होते, डोंगर होता. माणूस एकाही पाकिटावर नव्हता.

'सावली' हा शब्द आपल्यासाठी साधा नाही. पेशवाईत अस्पृश्याच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, हे बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या निबंधात नोंदवून ठेवले आहे. म्हणून कोणी सावलीचे कौतुक करू लागले की ती कोणी धरली आणि तिच्याखाली कोणाला बसू दिले, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. हा लेख कूर्गच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कोडगू जिल्ह्याच्या, कॉफीमळ्यांबद्दल आहे. तिथली देशी झाडे झपाट्याने कमी होत आहेत आणि ती वाचली पाहिजेत, याबद्दल माझे दुमत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्यांच्या हातांनी ही झाडे सांभाळली त्यांना जमिनीवर आणि झाडावर हक्क दिल्याशिवाय ती वाचणार नाहीत. इतिहास तेच सांगतो.

मळ्याच्या आधीची गुलामी

भारतात कॉफी आणली बाबा बुदन या सूफी फकिराने. सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणून त्याने त्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. पुढे सुमारे दीडशे वर्षे ही कॉफी छोट्या बागांतून, घरामागच्या झाडीतून, मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढत राहिली. तिच्यासाठी जंगल तोडायची कोणाला गरज पडली नव्हती.

1834 मध्ये इंग्रजांनी कोडगूचा राजा चिक्क वीरराजेंद्र याला पदच्युत करून ते राज्य खालसा केले. त्यानंतर वीस वर्षांनी, 1854 मध्ये, फाउलर नावाच्या गोऱ्या मळेवाल्याने मडिकेरीला पहिला युरोपीय कॉफीमळा उघडला. पाठोपाठ मळ्यांची रीघ लागली. पण या मळ्यांवर राबायला माणसे कुठून आली? हा प्रश्न कॉफीच्या गौरवगाथांत सहसा विचारला जात नाही.

उत्तर जुन्या ब्रिटिश नोंदींतच आहे. इंग्रज येण्याच्या आधीपासून कोडगूत गुलामी होती. काही दास जमिनीला जोडलेले असत आणि जमीन विकली की तिच्यासोबत जात. काही दास घराण्याला जोडलेले असत आणि त्यांना विकता किंवा गहाण ठेवता येई. हे दास प्रामुख्याने होलेय आणि येरव समाजाचे होते. होलेय म्हणजे गावाबाहेर ठेवलेली, गावकीच्या कामाला जुंपलेली अस्पृश्य जात. आपल्या महारवाड्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला होलगेरीचा इतिहास वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

1843 च्या पाचव्या कायद्याने गुलामाच्या मालकीचा हक्क न्यायालयांनी मानणे बंद केले. पण कायद्याने गुलामाला जमीन दिली नाही, घर दिले नाही. काल जो मालकाच्या भातशेतीवर होता, तो उद्या कोणाच्या तरी कॉफीमळ्यावर गेला. शेजारच्या वायनाडमध्ये तर वळ्ळियूरकावच्या देवीच्या यात्रेत पणिय आणि अडिय कुटुंबांना वर्षभरासाठी बांधून घेण्याची प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. देवीसमोर करार व्हायचा, म्हणजे तो मोडणे पाप ठरायचे. धर्म आणि वेठबिगारी यांचे नाते इतके उघडे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

भुंगेऱ्याने शिकवलेला धडा

गोऱ्या मळेवाल्यांनी सुरुवातीला काय केले, तर डोंगरउतारावरचे जंगल साफ तोडले, जाळले आणि उघड्या उन्हात कॉफी लावली. शेजारच्या सिलोनमध्ये तशीच पद्धत होती. उन्हात झाड लवकर वाढते, पहिली काही वर्षे भरघोस फळ देते. नफा दिसत होता तोवर सावलीची आठवण कोणाला आली नाही.

1860 च्या दशकात कोडगूच्या मळ्यांवर खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची धाड आली. हा भुंगेरा अरेबिका कॉफीच्या उन्हात तापलेल्या खोडावर अंडी घालतो. अळी आत शिरून खोड पोखरते आणि झाड उभ्या उभ्या वाळते. उघड्यावरचे मळेच्या मळे बसले. मद्रास सरकारने जॉर्ज बिडी या डॉक्टरला चौकशीला पाठवले. त्याचा अहवाल 1869 चा आहे, आणि त्याचा सांगावा स्पष्ट होता : सावली परत आणा. ज्या मळ्यांवर मोठी झाडे राखली होती तिथे नुकसान कमी होते. त्याच वर्षी सिलोनमध्ये तांबेरा रोगाने तोंड वर काढले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तिथला कॉफीचा धंदा बुडाला, सिलोन चहाकडे वळले.

म्हणजे कोडगूच्या मळ्यांत आज जी देशी झाडे दिसतात, त्यांचे श्रेय मालकाच्या निसर्गप्रेमाला देण्याचे कारण नाही. एका किड्याने त्यांना भाग पाडले. ज्या मैसूरी शेतकऱ्यांना गोरे अडाणी समजत होते, त्यांनी पिढ्यान् पिढ्या सावलीतच कॉफी घेतली होती. साहेबांनी दिवाळे निघाल्यावर त्यांचे अनुकरण केले आणि मग त्याला शास्त्र म्हटले.

झाडांची नावे कोणी सांगितली?

रॉबर्ट एलियट नावाचा एक मळेवाला 1850 च्या दशकापासून मंजराबादला, म्हणजे आजच्या हासन जिल्ह्यातल्या सकलेशपूर भागात, कॉफी पिकवत होता. 1894 मध्ये त्याने मैसूरमधील सोने, शिकार आणि कॉफी यांवर पुस्तक लिहिले. त्यात कॉफीला कोणते झाड सावलीसाठी चांगले, कोणते वाईट याची तपशीलवार चर्चा आहे. गंमत अशी की त्यातली उत्तम झाडे त्याने कानडी नावांनीच नोंदवली आहेत : गोणी, बसरी, मित्ली, अत्ती. बहुतेक वड-उंबराच्या कुळातली.

ही नावे त्याला कोणी सांगितली असतील? कोणत्या झाडाची पाने कधी गळतात, कोणत्या झाडाखाली कॉफी जगते आणि कोणत्या झाडाखाली मरते, हे बंगल्याच्या व्हरांड्यातून कळत नाही. ते झाडावर चढून फांद्या छाटणाऱ्या माणसाला कळते. पावसाळ्याआधी सावली विरळ करणे, म्हणजे पन्नास-साठ फूट उंच झाडावर कोयता घेऊन चढून नेमक्या फांद्या उतरवणे, हे कॉफीमळ्यातले सर्वात कौशल्याचे आणि सर्वात जिवावरचे काम. खाली कॉफी मोडू नये, झाड मरू नये, आणि पावसात कॉफीला पुरेसा उजेड मिळावा, हे तिन्ही साधावे लागते. ते काम करणाऱ्यांत येरव, कुरुब, पणिय, होलेय होते. पुस्तकावर नाव मात्र एलियटचे आहे. ज्ञान शूद्र-अतिशूद्रांचे आणि ग्रंथकर्तृत्व दुसऱ्याचे, हा या देशातला जुना व्यवहार आहे.

सह्याद्री एकच असल्याने ही झाडे आपल्यालाही परकी नाहीत. आपला ऐन तिथला मत्ती, आपला बिबळा तिथला होन्ने, आपला नाणा तिथला नंदी, आपले शिसव तिथले बीटे, आपले उंबर तिथले अत्ती. जोडीला फणस, बेहडा, जांभूळ आणि मिरीचा वेल चढवायला पांगारा. जुन्या मळ्यांतून अशा देशी झाडांच्या शेकडो जाती आढळतात.

या झाडांचा कॉफीला होणारा फायदा केवळ उन्हापासून बचावापुरता नाही. वेगवेगळ्या झाडांची पाने वेगवेगळ्या काळात गळतात, कुजतात आणि मातीला खत देतात. वड-उंबर वर्षाच्या आडवेळी फळतात, म्हणून पक्षी आणि वटवाघळे टिकतात. उंच झाडांवर आग्या मोहोळे लागतात, आणि कोडगूत आज जास्त प्रमाणात लावल्या जाणाऱ्या रोबस्टा कॉफीला फळ धरायला मधमाशीची मोठी मदत होते, कारण तिचे स्वपरागण होत नाही. आता पाहा, आग्या मोहोळाची सर्वाधिक माहिती असलेला समाज कोणता? जेनू कुरुब. 'जेनू' म्हणजेच मध. कॉफीचे पीक ज्या माशीवर अवलंबून आहे, त्या माशीला ओळखणारा माणूस मळ्यावर रोजंदारीवर आहे.

कायद्याची सावली कोणावर?

मळ्यावरच्या मजुराला पळून जाता येऊ नये, यासाठी इंग्रजांनी 1859 चा करारभंगाचा कायदा वापरला. मेस्त्रीकडून उचल घेतलेला मजूर काम सोडून गेला तर तो दिवाणी मामला न राहता गुन्हा ठरत असे. हा कायदा 1925 मध्ये रद्द करण्याचे ठरले. तेव्हा कोडगूच्या मळेवाल्यांनी स्वतःसाठी 1926 मध्ये वेगळा मजूर कायदा करून घेतला आणि तीच शिक्षेची तरतूद आणखी काही वर्षे चालवली. बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्याच्या जेमतेम वर्षभर आधीची ही गोष्ट आहे.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत 1944 मध्ये डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीची देशव्यापी चौकशी सुरू झाली. रेग्यांनी मळामजुरांवर स्वतंत्र अहवाल लिहिला, तो 1946 चा. त्यानंतर 1951 मध्ये मळामजूर कायदा आला. पाणी, दवाखाना, पाळणाघर, शाळा आणि घर देण्याची जबाबदारी मालकावर आली. हा मोठा टप्पा होता, यात शंका नाही.

पण त्यात एक गाठ राहून गेली. घर नोकरीला बांधलेले राहिले. मळ्यावरच्या या घरांना 'लाइन' म्हणतात. एकाच छपराखाली ओळीने खोल्या. काम आहे तोवर खोली आहे. म्हातारा झाला, आजारी पडला, मालकाशी वाद झाला की छप्पर गेले. शिवाय हा कायदा लागू व्हायला किमान 5 हेक्टर क्षेत्र आणि 15 मजूर लागत. त्याहून लहान मळ्यावरच्या मजुराला तेवढाही आधार नव्हता.

दुसरी गाठ याहून मोठी. कर्नाटकाच्या 1961 च्या जमीन सुधारणा कायद्याने जमिनीला कमाल मर्यादा घातली, पण कलम 104 ने कॉफी, चहा, रबर, वेलदोडा, मिरीच्या मळ्यांना त्यातून वगळले. म्हणजे भातशेती करणाऱ्या जमीनदाराची जास्तीची जमीन निघू शकत होती, शेकडो एकरांच्या मळ्याची निघू शकत नव्हती. केरळच्या गाजलेल्या जमीन सुधारणांनीही मळ्यांना सूट दिली. कसेल त्याची जमीन ही घोषणा कॉफीच्या सावलीपाशी येऊन थांबली. कारण तिथे कसणारा कूळ नव्हता, मजूर होता. आणि मजूर का होता, तर त्याच्या आज्याला गुलाम म्हणून जमीन बाळगण्याचा हक्कच नव्हता.

शिसव पडते, सिल्व्हर ओक उभा राहतो

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. देशी झाडे का जात आहेत?

कोडगूत जमिनीचे जुने प्रकार आहेत. जम्मा ही वंशपरंपरेने चालणारी भातशेतीची जमीन, आणि तिला जोडून दिलेले बाणे हे रान. भाताच्या शेतीला पालापाचोळा, जनावरांना चारा, घराला सरपण मिळावे म्हणून हे रान सारा न घेता दिलेले होते. पुढे त्याच बाणेंत कॉफी लागली. पण अशा बऱ्याच जमिनीवरच्या झाडांची मालकी सरकारने स्वतःकडे ठेवली. मालकाने त्या झाडांचे मूल्य भरून हक्क सोडवून घेतला नसेल, तर झाड तोडायला परवानगी लागते आणि लाकडाच्या किमतीतला वाटा सरकारला द्यावा लागतो.

वरवर पाहता हा कायदा झाडाला वाचवणारा वाटतो. प्रत्यक्षात उलटे झाले. ज्या शिसवाची किंमत लाखांत आहे, पण जे आपल्या नावावर नाही, त्याचे रोप कोण वाढू देईल? रोप उगवले की ते निंदणीतच उपटले जाते, कारण मोठे झाले तर ते सरकारचे होणार. त्याच्या जागी येतो सिल्व्हर ओक, मूळचा ऑस्ट्रेलियातला. तो झटपट वाढतो, सरळ उभा राहतो, मिरीचा वेल चढवायला सोयीचा पडतो आणि तोडायला देशी झाडासारखी परवानगीची कटकट नाही. गरज पडली की विकता येतो. आज कोडगूच्या मळ्यांत सर्वाधिक दिसणाऱ्या झाडांमध्ये तो आहे.

त्यात 1990 च्या दशकात कॉफी बोर्डाची सक्तीची एकत्रित विक्री संपली आणि शेतकरी थेट बाजाराच्या तोंडी गेला. भाव चढले की उत्पादन वाढवण्यासाठी सावली कमी केली, भाव कोसळले की झाडे विकून कर्ज फेडले. पाणी देऊन रोबस्टा घेणाऱ्याला दाट सावली नकोशी झाली. 1977 ते 1997 या वीस वर्षांत कोडगूतले जंगल सुमारे तीस टक्क्यांनी घटले आणि कॉफीचे क्षेत्र जवळपास दुप्पट झाले, असे अभ्यासकांनी मांडले आहे.

या साऱ्या चर्चेत झाडाचे दोनच हक्कदार मानले जातात : सरकार आणि मालक. भांडण त्या दोघांत आहे. झाडावर चढणारा, त्याची छाटणी करणारा, त्याच्या सावलीत तोडणी करणारा तिसरा माणूस या हिशेबात कुठेच नाही. शिसवावर कुऱ्हाड पडताना तो पाहतो, पण बोलू शकत नाही. कारण त्याची खोली मालकाची आहे. ज्याचे छप्पर उद्या जाऊ शकते, तो आज झाडासाठी कसा भांडेल? आणि आता तर स्थानिक मजूर कमी पडतात म्हणून आसाम-बंगालकडचे स्थलांतरित मजूर आणले जातात. त्यांचीही ही मजबुरीच आहे. पण इथल्या झाडांची ओळख त्यांना कोण देणार? ज्ञानाची साखळी तुटते ती अशी.

संवर्धनाचा सवर्ण चष्मा

इथल्या पर्यावरणवाद्यांना कोडगूच्या देवरकाडू, म्हणजे देवराया, फार आवडतात. बाराशेहून अधिक देवराया या एका जिल्ह्यात आहेत. त्या आहेत म्हणून देशी झाडांचे बी टिकले, हे खरेच. पण आपल्या परंपरेने निसर्ग जपला, असे जेव्हा सरसकट सांगितले जाते तेव्हा त्या परंपरेत कोणाला रानात प्रवेश होता आणि कोणाला नव्हता, हे कोण सांगणार? मुकुल शर्मा यांनी 2017 च्या 'कास्ट अँड नेचर' या पुस्तकात हाच मुद्दा मांडला आहे : भारतातल्या पर्यावरणाच्या चर्चेला जात दिसतच नाही.

नागरहोळेचे उदाहरण घ्या. 1970 च्या दशकापासून वन्यजीव वाचवण्याच्या नावाखाली जेनू कुरुब कुटुंबांना त्या जंगलातून बाहेर काढले गेले. ती कुठे गेली? अनेक कुटुंबे कोडगूच्या कॉफीमळ्यांवर, लाइनमध्ये. म्हणजे जंगल वाचवायचे म्हणून ज्यांना जंगलातून हाकलले, त्यांच्याच श्रमावर जंगल वाचवणारी कॉफी म्हणून पाकीट विकले जाते. मे 2025 मध्ये अशीच काही कुटुंबे वनहक्क कायद्याचा आधार घेऊन नागरहोळेत आपल्या जुन्या हाडीवर, म्हणजे वस्तीवर, परत गेली. त्यांना अतिक्रमणकर्ते म्हटले गेले.

डिसेंबर 2016 मध्ये विराजपेट तालुक्यातील दिड्डळ्ळी इथे लाइनमधून बाहेर पडून स्वतःच्या झोपड्या उभारणाऱ्या आदिवासींच्या पाचशेहून अधिक झोपड्या वनखात्याने पाडल्या. कारण काय, तर ही वनजमीन आहे. लोकांनी तिथेच उघड्यावर ठाण मांडले, थंडीत आंदोलन केले आणि शेवटी सरकारला त्यांचे दुसरीकडे पुनर्वसन करावे लागले.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. कर्नाटक सरकारने 2022 च्या अखेरीस जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती केली. कॉफी, मिरी, वेलदोड्याच्या मळेवाल्यांनी 2005 पूर्वी सरकारी जमिनीवर अतिक्रमण करून लागवड केली असेल, तर 25 एकरांपर्यंतची अशी जमीन त्यांना 30 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याची सोय झाली. मजुराने एका झोपडीपुरती जागा घेतली तर ते अतिक्रमण, बुलडोझर आला. मळेवाल्याने 25 एकर घेतली तर ती लागवड, भाडेपट्टा आला. कायद्यापुढे सर्व समान आहेत, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन कागदपत्रे एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत.

आणि 'पर्यावरणस्नेही' प्रमाणपत्रे? ती झाडांच्या जाती मोजतात, पाणी तपासतात, काही मजुरीही पाहतात. ही वाईट गोष्ट नाही. पण प्रमाणपत्राचा जादा भाव मालकाला मिळतो, आणि जमीन कोणाची आणि ती त्याची कशी झाली, या प्रश्नाच्या मुळाशी प्रमाणपत्रे सहसा जात नाहीत.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की कोडगूतले बहुतेक उत्पादक छोटे आहेत, तेही कर्जात आहेत, त्यांना शोषक का म्हणता? आक्षेपात तथ्य आहे. देशातले बहुसंख्य कॉफीधारक लहानच आहेत आणि बाजाराने त्यांनाही पिळले आहे. म्हणूनच त्यांच्या झाडांवरचा सरकारी दावा सोडवून देणे, देशी झाड राखणाऱ्याला मोबदला देणे, याला माझा पाठिंबा आहे. पण छोट्या मालकाच्या अडचणीची ढाल करून शेकडो एकरांच्या मळ्यांना जमीन सुधारणेतून वगळत राहणे ही लबाडी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जमीन दिली म्हणजे झाडे वाचतीलच कशावरून? आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी स्वतःच्या ताब्यातल्या जमिनीवर कॉफी घेतात. तिच्या चवीला 2018 मध्ये पॅरिसमध्ये सुवर्णपदक मिळाले. तरी तिथे सावलीसाठी मोठ्या प्रमाणावर लागला तो सिल्व्हर ओकच. हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण तो ओक आदिवासींनी निवडला का? रोपे आणि योजना सरकारी यंत्रणेकडून आल्या. जमीन हातात आली, पण निर्णय खात्याकडेच राहिला. म्हणून मागणी जमिनीपुरती थांबवता येत नाही. कोणते झाड लावायचे, कोणते राखायचे, हे ठरवण्याचा अधिकारही हवा. आपल्या मेळघाटात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे. उद्या तिथे कॉफीचा विस्तार करण्याची योजना आली, तर कोरकूंना मजूर म्हणून बोलावतात की निर्णय घेणारे म्हणून, हे आपण आताच पाहायला हवे.

मग करायचे काय?

1947 मध्ये संविधान सभेपुढे मांडण्यासाठी बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिले. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जात-धर्माचा भेद न करता गावकऱ्यांना सामूहिकरीत्या कसायला द्यावी, आणि पडीक सरकारी जमिनीवर अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहती व्हाव्यात, अशी त्यातली मांडणी आहे. ती स्वीकारली गेली नाही. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, ते याच न झालेल्या कामासाठी. कॉफीचा डोंगर हा त्याच न झालेल्या कामाचा एक तुकडा आहे.

तेव्हा मागण्या अशा आहेत. लाइनमध्ये पिढ्या घालवलेल्या प्रत्येक दलित-आदिवासी कुटुंबाला नोकरीशी न बांधलेली, स्त्री-पुरुष दोघांच्या नावाची घराची जागा द्या. मळ्यांना कमाल जमीन मर्यादेतून दिलेली सूट मोठ्या मळ्यांपुरती रद्द करा. अतिक्रमित सरकारी जमीन भाडेपट्ट्याने देण्याआधी तिच्यावर पहिला हक्क त्याच तालुक्यातल्या भूमिहीनांचा माना, आणि त्यांना ती देशी झाडांखाली सामूहिक कॉफी घेण्यासाठी द्या. देशी झाडाचा मोबदला किंवा प्रमाणपत्राचा जादा भाव यांत झाडे सांभाळणाऱ्या मजुरांचा ठरलेला वाटा ठेवा. आणि झाड तोडण्याची परवानगी देताना केवळ वनखाते व मालक यांना न विचारता त्या मळ्यावरच्या मजुरांची ग्रामसभेत नोंदवलेली संमती घ्या.

यावर कोणी म्हणेल की पर्यावरणाच्या प्रश्नात तुम्ही जात आणता. जात आम्ही आणलेली नाही. जमीन जम्मा म्हणून एकाला मिळाली आणि दुसरा त्याच जमिनीसोबत विकला गेला, तेव्हाच ती आली. भुंगेऱ्याने 1860 च्या दशकात मळेवाल्यांना शिकवले की झाडावाचून कॉफी टिकत नाही. माणसाच्या हक्कावाचून झाड टिकत नाही, हे शिकवायला कोणता किडा येण्याची वाट पाहायची?

पुढच्या वेळी सावलीतल्या कॉफीचे पाकीट हातात आले तर विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : ही कॉफी तोडणाऱ्या बाईच्या नावावर घर आहे का? उत्तर आले नाही, तर पुन्हा विचारा.

जय भीम!